तीस हजारांत एफपीव्ही: रेडिओ आधी, ड्रोन शेवटी

प्रश्न सांगलीजवळच्या गावातून आला आहे. विचारणारा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. साठवलेले तीस हजार आहेत, पाच इंची पंख्यांचा फ्रीस्टाइल, म्हणजे कसरती करणारा, एफपीव्ही ड्रोन स्वतः बांधायचा आहे. एफपीव्हीत ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये बघत, हातातल्या रेडिओनं, म्हणजे रिमोटनं, उडवतात. हा गॉगल आणि रेडिओही याच पैशांत बसवायचे आहेत. “सर, बसेल का? आणि आधी काय घेऊ?”

पाच इंची बसणार नाही. बसवलास तरी पहिल्याच महिन्यात अडकून पडशील. का ते आधी सांगतो, मग तीस हजारांत काय होतं ते.

पाच इंची ड्रोनच्या चार मोटर, उड्डाण सांभाळणारा कंट्रोलर आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससी यांचा स्टॅक, फ्रेम, कॅमेरा, त्याचं चित्र पाठवणारा व्हीटीएक्स यांतच अठरा-वीस हजार जातात. त्याची एक बरी बॅटरी अडीच-तीन हजारांची, आणि एकीवर भागत नाही. बॅलन्स चार्जर वेगळा. म्हणजे गॉगल आणि रेडिओ यायच्या आधीच खिसा रिकामा. मग माणूस तिथे काटकसर करतो, हलका रेडिओ आणि मिळेल तो गॉगल घेतो. इथेच गणित उलटं होतं. ड्रोन आपटणार, मोडणार, हरवणार. रेडिओ आणि गॉगल मात्र तुझ्या हातात आणि डोळ्यांवर राहणार, तीन ड्रोन बदललेस तरी तेच राहणार. म्हणून जे हातात राहतं त्यात पैसे घाल. जे झाडावर आपटणार आहे ते स्वस्तातलं, हलकं आणि घरच्या घरी दुरुस्त होणारं घे.

पाच इंचीबद्दल आणखी एक कारण आहे आणि ते पैशांपेक्षा मोठं आहे. बॅटरीसकट सहाशे-सातशे ग्रॅमचं ते यंत्र मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांनी पंखे फिरवतं. बोटाला लागलं तर टाके पडतात, डोळ्याला लागलं तर काय ते तूच समज. शिकाऊ हातात ते देणं मला पटत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या कुणालाही मी ते देत नाही.

तुझ्यासाठी मी 75 मिलिमीटरचा वूप सुचवतो. वूप म्हणजे चारही पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेला तळहाताएवढा ड्रोन; 75 हे समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरमधलं अंतर. एका सेलवर उडतो, बॅटरीसकट चाळीस ग्रॅमच्या आत राहतो. 65 चाही मिळतो आणि घरात तो जास्त छान वळतो, पण तुझ्याकडे मोकळं रान आहे आणि रानात वारं असतं. 75 चा थोडा जास्त तग धरतो.

आता हिशोब. दुकानागणिक हजार-पाचशेचा फरक पडतो, पण साधारण असं धर. ईएलआरएस (ड्रोनशी बोलायची बिनतारी पद्धत) असलेला रेडिओ सात हजार, त्याचे दोन 18650 मापाचे सेल सहाशे. रेकॉर्डिंगची सोय असलेला अ‍ॅनालॉग बॉक्स गॉगल साडेनऊ हजार. ड्रोनचे सगळे सुटे भाग साडेसात हजार. सहा बॅटऱ्या चोवीसशे, एका सेलच्या बॅटऱ्यांचा चार-सहा खाचांचा चार्जर तेराशे. झाले अठ्ठावीस हजार तीनशे. उरलेल्या सतराशेत दोन-तीन जोड प्रॉप, म्हणजे पंखे, आणि एक जादा फ्रेम. सोल्डरिंग इस्त्री आणि मल्टिमीटर कॉलेजच्या लॅबमध्ये असणारच, ते विकत घेऊ नकोस.

पण हे सगळं एकदम मागवू नकोस. पहिल्या महिन्यात फक्त रेडिओ आण.

रेडिओमास्टरचा पॉकेट या भावात मला सगळ्यांत समाधानकारक वाटतो. त्याच्या अंगठ्यांनी हलवायच्या दांड्या हॉल सेन्सरच्या, चुंबकावर चालणाऱ्या आहेत, म्हणजे आत घासून झिजणारा पोटेन्शिओमीटर नाही. ईएलआरएस आतच बसवलेलं आहे. सेल सोबत येत नाहीत, ते आठवणीनं मागव, नाहीतर खोका उघडून बसून राहावं लागतं. घेताना 2.4 गिगाहर्ट्झचाच घे. 900 वाला लांब जातो असं ऐकशील. पण परदेशात त्यासाठी वापरतात त्या 902 ते 928 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचं काम चालतं, आणि विनापरवाना पट्टा 865 च्या आसपास आहे. तुला पाचशे मीटरही लांब जायचं नाही. 2.4 पुरून उरतं.

रेडिओ आला की यूएसबी-सीची केबल लॅपटॉपला लाव आणि जॉयस्टिक म्हणून निवड. सिम्युलेटर सुरू कर. लिफ्टऑफ आणि व्हेलोसिड्रोन विकतचे आहेत, एफपीव्ही स्कायडाइव्ह फुकट मिळतो. लॅपटॉप जुना असेल तर ग्राफिक्स अगदी खाली आण. झाडं ठोकळ्यांसारखी दिसली तरी चालतील, चित्र अडखळता कामा नये. पहिल्या दिवसापासून अ‍ॅक्रो मोडमध्येच उडव. अँगल मोडमध्ये दांडी सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो, आणि एकदा त्या आधाराची बोटांना सवय लागली की ती मोडायला शिकण्याइतकाच वेळ जातो. अ‍ॅक्रोत दांडी सोडली तर ड्रोन आहे त्याच कलात राहतो. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक एक वळण नीट बसतं आणि थ्रॉटलवरचा अंगठा तुला न विचारता हलायला लागतो. तिथवर पोच. वीस तास घाल. रोज चाळीस मिनिटं, महिनाभर. सिम्युलेटरमधली प्रत्येक आपट फुकट असते. तीच रानात शंभर रुपयांपासून हजारापर्यंत कितीलाही पडते.

दुसऱ्या महिन्यात गॉगल. डिजिटलचे व्हिडिओ पाहून मन तिकडे ओढ घेणार. चित्र फार सुंदर असतं, मी नाकारत नाही. पण डीजेआय किंवा वॉकस्नेलचा नुसता गॉगलच तुझ्या बजेटचा फार मोठा भाग खाऊन टाकेल. अ‍ॅनालॉग घे. अ‍ॅनालॉगचा मला खरंच आवडणारा एक गुण असा की तो आधी सांगतो. पूर्वी टीव्हीवर अँटेना हलली की मुंग्या यायच्या, तशाच इथे येतात. भिंतीआड गेलास की थोड्या मुंग्या, आणखी आत गेलास की दाट. परत फिरायची सूचना तुला डोळ्यांनी मिळते. ईव्ही 800 डी या जातीचा बॉक्स गॉगल बघ: पाच इंची पडदा, 800 बाय 480, दोन अँटेना आणि मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग. हे रेकॉर्डिंग हौसेसाठी नाही. ड्रोन कुठे पडला ते शोधायला लागतं, त्यावर पुढे येतोच. चष्मा वापरत असशील तर घेण्यापूर्वी कुणाचा तरी डोळ्यांवर चढवून बघ. काहींमध्ये चष्म्यासकट बसतो, काहींमध्ये दांड्या दाबतात.

चॅनेलचं आत्ताच लक्षात ठेव. 5.8 गिगाहर्ट्झमध्ये रेसबँड म्हणून आठ चॅनेल असतात, 5658 पासून 5917 मेगाहर्ट्झपर्यंत. आपल्याकडचा विनापरवाना पट्टा 5875 ला संपतो. म्हणजे सातवं, 5880 चं, आणि आठवं, 5917 चं, दोन्ही त्याच्या बाहेर पडतात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचं एक निवड. ताकद 25 मिलिवॉट ठेव, वूपला तेवढी बस्स होते.

तिसऱ्या महिन्यात ड्रोन. आता सुटे भागच का, ते ऐक. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. पूर्ण सुटा केलेला किंवा अर्धवट जोडलेला संचही त्यातच येतो. सुट्या भागांना मात्र मोकळीक आहे. म्हणून परदेशी संकेतस्थळावर तयार वूप स्वस्त दिसला तरी मागवू नकोस, कस्टममध्ये अडकला की पैसे आणि ड्रोन दोन्ही गेले. भाग इथल्याच दुकानांतून घे आणि जोड. तुझ्यासारख्या मुलाला जोडता येणं हाच तर निम्मा आनंद आहे.

भाग असे लागतात: 75 ची फ्रेम, चार मोटर, प्रॉप, कॅमेरा आणि त्यावरची टोपी, आणि सगळ्यांत महत्त्वाचा एकच बोर्ड, ज्यात फ्लाइट कंट्रोलर, चारही ईएससी, ईएलआरएस रिसीव्हर आणि व्हीटीएक्स एकत्र असतात. बोर्ड निवडताना एक गोष्ट जपून बघ. बऱ्याच जुन्या बोर्डांवर रिसीव्हर एसपीआय पद्धतीनं जोडलेला असतो. त्याची ईएलआरएस आवृत्ती बीटाफ्लाइटच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर चालवणाऱ्या प्रणालीच्या, फर्मवेअरला बांधलेली असते, वेगळी बदलता येत नाही. रेडिओ आवृत्ती 3 चा आणि बोर्ड 2 वर अडकलेला असला तर दोघांची गाठ पडत नाही, आणि नवखा माणूस आठवडाभर बाइंडिंगचं, म्हणजे दोघांची जोडी लावायचं, बटण दाबत बसतो. आवृत्ती वेगळी बदलता येईल असा, सिरीयल रिसीव्हरचा बोर्ड घे.

दुसरी गफलत मोटर आणि प्रॉपची. 0802 (हे मोटरच्या मापाचे आकडे) मोटरचा दांडा बहुधा 1 मिलिमीटरचा असतो, 1002 आणि 1103 चा बहुधा दीड मिलिमीटरचा. प्रॉपच्या पाकिटावर भोकाचं माप लिहिलेलं असतं. दीडचा प्रॉप एकच्या दांड्यावर नुसता फिरतो, एकचा दीडच्यावर घुसवायला गेलास की फुटतो. दुकानदार बहुतेक विचारत नाही. तू वाचून घे.

या बोर्डांवर मोटर बऱ्याचदा बारीक प्लगनं लागतात, त्यामुळे डाग द्यायचं काम थोडं असतं: बॅटरीची दोन जाड टोकं आणि कॅमेऱ्याच्या तीन केसासारख्या तारा. कॅमेऱ्याच्या तारांवर सगळ्यांचा हात थरथरतो. मी असं करतो: बोर्ड चिमट्यात नाही, ब्लूटॅकच्या गोळ्यावर टेकवतो, म्हणजे तो सरकत नाही. प्रत्येक पॅडवर आधी थोडी पेस्ट, मग इस्त्रीच्या टोकावर मोहरीएवढं सोल्डर घेऊन पॅडवर ठेवायचं. छोटा चकचकीत फुगवटा बसतो. तारेचं टोक दीड-दोन मिलिमीटर सोलून तेही वेगळं सोल्डरमध्ये भिजवून घ्यायचं. मग तार फुगवट्यावर टेकवायची आणि इस्त्री वरून एक सेकंद लावायची. दोन्ही वितळून एक होतात, इस्त्री उचलायची, तार तशीच दोन सेकंद धरून ठेवायची. थंड झाल्यावर चमक राहिली तर डाग बसला. मळकट, दाणेदार दिसला तर तो कोरडा डाग, पेस्ट लावून पुन्हा. सोल्डर 63/37 शिशाचं घे, ते 183 अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. शिसं नसलेलं नवख्याला त्रास देतं. काम झाल्यावर हात साबणानं धू, खिडकी उघडी ठेव.

बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून धन आणि ऋण पॅडला टोकं लाव. सलग वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरी लावू नकोस. मी एकदा ही तीस सेकंद वाचवायला गेलो. रात्री साडेअकराला शेवटचा डाग दिला होता, उत्साहात बॅटरी लावली, निळसर धुराची एक रेघ वर आली आणि साडेचार हजारांचा बोर्ड गेला. ऋण तारेचा एक केस शेजारच्या पॅडवर टेकला होता. त्या जळक्या वासानं मला तपासायची सवय लावली. तुला तो वास न घेता लागावी.

बॅटरीच्या टोकाला बीटी 2.0 कनेक्टर लाव. जुना पीएच 2.0 विजेला विरोध जास्त करतो, थ्रॉटल दिला की व्होल्टेज खाली बसतं आणि जोर नाही असं वाटतं.

व्हीटीएक्सला अँटेना न लावता कधीही वीज देऊ नकोस, आतला भाग जळतो. आणि टेबलावर पाच-पाच मिनिटं चालू ठेवू नकोस, हवा लागत नाही म्हणून तापतो. समोर छोटा पंखा ठेव.

बीटाफ्लाइटवर पानंच्या पानं लिहिता येतील, पण तुझ्या ड्रोनला कारखान्याच्या सेटिंगवर फारसं काही करावं लागत नाही. पडद्यावर रिसीव्हरची पट्टी रेडिओच्या दांडीबरोबर हलते का बघ, मोटर कुठल्या दिशेनं फिरतात ते तपास, आर्मचं, म्हणजे मोटर चालू करायचं, बटण ठरव. प्रॉप काढल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही. वूपचा प्रॉप बोट तोडत नाही हे खरं, पण हीच सवय उद्या पाच इंचीवर जाणार आहे. मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबतात का ते: प्रॉप काढलेले, मोटर फिरवून रेडिओ बंद कर. मोटर थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर उडवणं रद्द, आधी ते दुरुस्त.

बॅटऱ्यांबद्दल मी थोडा कडक आहे. एका सेलच्या या बहुतेक बॅटऱ्या एचव्ही, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या असतात, 4.35 व्होल्टपर्यंत भरतात. साधी लिपो 4.2 लाच थांबवायची असते. चार्जरवर दोन्हीचं बटण असतं आणि ते चुकलं तर साधी बॅटरी जास्त भरून फुगते, पेटूही शकते. बॅटरीवर काय छापलंय ते वाचूनच खाचेत घाल. 450 एमएएचची असेल तर 0.45 अँपिअरनं भर, तासाभरात होते. चार-पाच मिनिटं उडते. उडताना व्होल्टेज 3.3 च्या आसपास आलं की उतर, खाली आल्यावर ती स्वतःच 3.6–3.7 ला परत येते. दोन दिवस उडवणार नसशील तर 3.8 ला आणून ठेव. मे महिन्यात सहा भरलेल्या बॅटऱ्या मी दहा दिवस कपाटात विसरलो होतो, चार उशीसारख्या फुगल्या. फुगलेली पुन्हा चार्ज करायची नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवायच्या नाहीत. चार्जिंग फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, गादीवर कधीच नाही, आणि चार्जिंग चालू असताना घर सोडायचं नाही.

आता उडवायचं कुठे. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तुझा वूप त्यात आरामात बसतो. पण नॅनो आहे म्हणून कुठेही चालतो असं नाही. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुझी जागा हिरवी आहे का ते बघ. कोल्हापूरच्या उजळाईवाडीसारख्या विमानतळाच्या आसपास परवानगी लागणारे लाल आणि पिवळे पट्टे असतात. हिरव्या पट्ट्यातही मर्यादा 400 फुटांची आहे. तुला पन्नास फूटही लागणार नाहीत. शहरांत सण, निवडणूक, बंदोबस्त असला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ड्रोनबंदीचा आदेश काढतात, स्थानिक पेपर बघत जा. किल्ल्यावर नेऊ नकोस. संरक्षित स्मारकांना परवानगी लागते, आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्यांच्याजवळ काहीतरी घोंघावत गेलं तर त्याची शिक्षा तिथे आलेल्या माणसांना होते.

गॉगल लावल्यावर तू आंधळा असतोस. तुझ्या पाठीमागे कुत्रं आलं, लहान मूल धावत आलं, तुला कळत नाही. म्हणून शेजारी एक माणूस हवाच, जो डोळ्यांनी ड्रोनकडे आणि आजूबाजूला बघेल. भाऊ, मित्र, कुणीही. एकट्यानं गॉगल लावायचा नाही.

रानात विजेच्या तारांची भीती धर. अ‍ॅनालॉग चित्रात बारीक तार दिसत नाही, खांब दिसतो. खांब दिसला की दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून वळ. तारेवर अडकला तर तो गेला. काठी, बांबू, काहीही घेऊन काढायला जायचं नाही.

आणि ऊस. तुझ्या भागात हे सांगायलाच हवं. गेल्या नोव्हेंबरात एका मुलाचा वूप आडसाली उसात पडला. दीड पुरुष उंच ऊस, वरून काही दिसत नाही, आत शिरलं की पातं अंग कापतं. तो रडकुंडीला आला होता. आम्ही आधी शेताच्या मालकाला विचारलं, मग गॉगलमधलं रेकॉर्डिंग मागे नेऊन शेवटच्या दोन सेकंदांत बांधावरचा शेवगा आणि विहिरीचा कठडा कुठल्या बाजूला दिसतात ते पाहिलं. त्यावरून सरी ठरली. ड्रोनची बॅटरी अजून जिवंत होती म्हणून रेडिओच्या पडद्यावर सिग्नल येत होता, उणे 95. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका सिग्नल जोरदार. रेडिओ छातीशी धरून सावकाश गोल फिरायचं. अंग मध्ये आलं की आकडा घसरतो, समोर आला की सुधारतो, त्यावरून दिशा कळते. वीस पावलांवर उणे 82, पुढे उणे 70. मग बझरचं बटण दाबलं. बीटाफ्लाइटमध्ये डीशॉट बीकन म्हणून सोय आहे, वेगळा बझर नसला तरी मोटर स्वतःच बारीक वाजतात. पाचटाखालून टीं टीं असा आवाज आला. उलटा पडला होता, एक प्रॉप तुटलेला, बाकी ठणठणीत. त्या बीकनला रेडिओवरचं एक बटण पहिल्या दिवशीच दे. बॅटरी संपली की आवाज आणि सिग्नल दोन्ही जातात, म्हणून पडल्याबरोबर शोधायला लाग.

उडवायला सकाळी सात-साडेसातची वेळ गाठ, वारं पडलेलं असतं. घार घिरट्या घालत असेल तर खाली उतर, ती झडप घालते. पावसाळ्यात शाळेचा हॉल मागून घे, चार खुर्च्यांच्या पायांतून जायला शिक.

या सेटवर सहा-आठ महिने काढलेस की रेडिओ आणि गॉगल तेच ठेवून तीन किंवा साडेतीन इंचीकडे वळता येईल, आणि तेव्हा पाच इंचीबद्दल पुन्हा बोलू. तूर्त रेडिओ मागव. बोर्ड घेण्याच्या आधी त्याचं पूर्ण नाव आणि मोटरवरचे आकडे मला कळव, दांडा, प्रॉप आणि रिसीव्हर जुळतात का ते पैसे भरायच्या आत बघून देतो.